राखीव गुडघा

मायाक्काचा उजवा गुडघा बदलायचा आणि तो ह्याच खेपेला बदलायचा, असा तिच्या नवऱ्यानं, बिरदेवनं निश्चय केला होता. मागच्या खेपेला बाई सोलापूरच्या दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच जी फिरली, ती थेट आपल्या गावच्या, मैंदर्गीच्या गाडीत जाऊन बसली. एक्स-रेचं भलंमोठं पाकीट बगलेत मारून बिरदेव मागून धावला, तर बसमधल्या एकानं त्याला कॅलेंडरचा भाव विचारला.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होती शेजारची शिवबाई. तिच्या भावजयीच्या कुठल्याशा चुलतबहिणीचा दुखरा पाय सोडून चांगलाच पाय कापला, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं आणि ते मायाक्काच्या कानात नीट बसवलं होतं.

"मायाक्का, ह्या बारीला पळायचं न्हाय हां," बिरदेवनं घरीच बजावलं होतं.

"न्हाय पळत. पण त्यांनी चांगला पाय कापला मंजी?"

"त्याचा बंदोबस्त मी करतो की!"

बंदोबस्त म्हणजे पिशवीच्या तळाशी ठेवलेली रंगाची डबी. बिरदेवचा जन्म मेंढरांमागं गेलेला. व्यापारी दारात आला, की जी मेंढरं विकायची नाहीत त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, ही त्यांच्या घरातली बापजाद्यांची रीत. पट्टा दिसला की व्यापारी त्या मेंढराला हात लावत नाही. पट्टा म्हणजे राखीव.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी महेश्वरी सिस्टर आली आणि मायाक्काच्या उजव्या मांडीवर काळ्या पेनानं बाण काढून गेली. तिची पाठ वळताच बिरदेवनं डबी उघडली, बोट बुडवलं आणि डाव्या गुडघ्यावर पट्टा ओढला.

"झालं. ह्यो आपला. ह्याला कुणी हात लावायचा न्हाय."

मायाक्काचा जीव भांड्यात पडला. उपाशीपोटी का होईना, ती पहिल्यांदाच हसली.

ढकलगाडी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच माशी शिंकली. डॉक्टर धम्मप्रिया मॅडमनी चादर बाजूला केली. एका पायावर बाण, दुसऱ्यावर पट्टा.

"सिस्टर, हे काय?"

"मी एकच खूण केलती, मॅडम!" महेश्वरी रडकुंडीला आली.

"खूण एकाच पायावर पाहिजे." मॅडम मायाक्काकडं वळल्या. "मावशी, कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आज?"

खरं तर हा प्रश्न त्या प्रत्येकालाच विचारत. पण मायाक्का ताडकन उठून बसली. शिवबाई खोटं बोलत नव्हती तर! कापणारीलाच पाय ठाऊक नाही!

"मला आठवत न्हाय," मायाक्का म्हणाली.

"आठवत नाही?"

"न्हाय. दोन्ही चांगलं हायत."

बिरदेवनं धाव घेतली. ओला बोळा घेऊन तो पट्टा पुसायला लागला. पण दोन-दोन पावसाळे मेंढराच्या पाठीवर टिकणारा रंग तो. पट्टा जाईना, उलट पसरून अख्खा गुडघा कुंकवासारखा लालभडक झाला.

"चोळू नका, सोलून निघेल!" मॅडम ओरडल्या. "कुठला पाय ते मला फोटोत दिसतंय, बिरदेव. पण ह्यांच्या तोंडून आल्याशिवाय आणि ह्यांची राजीखुशी असल्याशिवाय मी सुरू करणार नाही. थोडा वेळ थांबते. नाहीतर आजचं रद्द."

रद्द! आज रद्द म्हणजे कायमचं रद्द. मायाक्का तर खाली उतरून चपला शोधायलाही लागली होती.

पण बिरदेव हटणारा गडी नव्हता. अडून बसलेल्या मेंढराला मागून ढकललं तर ते आणखी अडतं, आपण पुढं चालू लागलं की निमूट मागं येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं पिशवी उचलली.

"चल, घरी जाऊ. जिन्यानं."

"लिफ्ट हाय की."

"ती पेशंटासाठी. आपुन आता कुटं पेशंट?"

बिरदेव पुढं निघाला. एक हात कठड्याला, दुसऱ्यात पिशवी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मागून मायाक्कानं पहिल्याच पायरीवर पाय ठेवला आणि "आई गं!" करून मटकन खाली बसली. दोन्ही हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेले.

"कुटला गं?" बिरदेवनं खालूनच विचारलं.

"ह्योच की मेला उजवा! रात रात झोपू देत न्हाय!" असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. "मला लई भ्या वाटतंय वो."

बिरदेव वर येऊन तिच्याशेजारी बसला. "मला बी वाटतंय की. पर तू घरात बसून ऱ्हातीस, तर मला रानात करमत न्हाय. मागं वळून बघतो आन् तू नसतीस."

एवढं बोलणं त्यानं लग्नातही केलं नव्हतं. मायाक्का पदराआडून बघतच राहिली.

तेवढ्यात मागून आलेल्या मॅडमही पायरीवर टेकल्या. पट्ट्याची भानगड त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मावशी, कुठलं मेंढरू द्यायचं, कुठलं राखायचं, हे व्यापारी कुणाला विचारतो?"

"मालकाला."

"मग मी कुणाला विचारायचं?"

मायाक्कानं नाक पुसलं, पदर खोचला. "मला. मालकीण मी हाय." मग गाडीवर चढून भुलीचं औषध चढेपर्यंत ती दिसेल त्याला सांगत राहिली, "उजवा हां! उजवा!" लाल गुडघ्यावर महेश्वरीनं पांढरं फडकं घट्ट बांधलं.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी मायाक्का वॉकर धरून चार पावलं चालली आणि बिरदेवचे डोळे भरून आले. शिवबाईला फोन लावून त्यानं तेवढं ऐकवलंच.

मॅडम तपासायला आल्या, तेव्हा मायाक्का पलंगावर ऐटीत बसली होती.

"मॅडम, आता ह्यांचा बी फोटो काढा. काल जिना उतरताना बघितलंय मी. लंगडत्यात आन् सांगत न्हाईत."

"गप की!" बिरदेव दचकला. "तिला भूल उतरली न्हाय अजून."

मायाक्कानं पिशवीत हात घालून रंगाची डबी काढली आणि झाकण उघडलं. मॅडमनी खुर्ची ओढली. "बिरदेव, खरं सांगा. कुठला गुडघा दुखतो?"

बिरदेवनं डबीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि हळूच चपलेत पाय सरकवला.

"मला आठवत न्हाय," तो म्हणाला.