दोन ठोक्यांमधले आप्पा

आमच्या बोरीत दवंडी नुसती ऐकून भागत नसे. त्यातलं सरकारचं कुठलं आणि आप्पांचं कुठलं, हे कळावं लागे. दवंडी द्यायचे माझे चुलते, भिवाआप्पा. हुकूम सांगता सांगता ते हलगीच्या लाकडी कड्यावर काडी मारत. टक्! तिथून पुढचं आप्पांचं. पुन्हा टक्! की सरकार परत सुरू.

"उद्या चावडीपुढं जनावरं आणा, सुई टोचायची हाय!" टक्! "डाक्टर नवा हाय, लय भेतोय. मारका बैल मागं ठिवा." टक्! "न आणंल त्याला दंड होईल हो!"

"आप्पा, तुमचं मधलं बी पाळायचं का?" बाया मुद्दाम विचारत.

"मधलं पाळायचं नसतंय, माय. समजून घ्यायचं असतंय."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. कॉलेजात ढीगभर भाषणं ऐकली, पण आप्पांइतकं स्वच्छ बोलणारा भेटला नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. महसुलाचे नवे गिरदावर साहेब आले आणि त्यांनी ताकीद दिली, "हुकमात एक लफ्ज जास्त घातला तर हलगी जमा करा." घरात आप्पांना त्या हलगीचीच काय ती सोबत. पुढची दवंडी त्यांनी कोरडी दिली, "उद्या घराघरात फवारा मारायचा हाय. समदं सामान बाहेर काढा हो!"

सामान बाहेर काढा! निजामी जातानाच्या धामधुमीत, घरं लुटली गेली त्या झडतीच्या वेळी, हेच शब्द गावानं ऐकले होते. सकाळी फवारेवाले येऊन बघतात तर दारांना कुलपं, आणि भांडीकुंडी-कोंबड्यांसकट सगळं गाव ज्वारीत.

साहेब घाम पुसत म्हणाले, "आप्पा, ते तुमचं टक्-टक् करा बाबा."

आप्पा बांधावर चढले. "सामान बाहेर काढा हो!" टक्! "कुणी काय न्हेत न्हाई. डास मारायचं औषध हाय. हिवताप जातोय म्हणं ह्यानं. आमच्या हिच्या टायमाला आलं असतं तर…"

काकू हिवतापानं गेल्या, तेव्हापासून आप्पांच्या तोंडून त्यांचा विषय कुणी ऐकला नव्हता. काडी उचललेली तशीच राहिली. दुसरा ठोका पडेना. ज्वारीत गाव वाट बघत उभं.

शेवटी शेजारच्या सोजरमावशीनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि ती गावाकडं वळली.

"चला गं," ती म्हणाली, "आधी आप्पाचं घर मोकळं करू."