हा कुणासाठी जळून राहिलाय?

दिघेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघरातली ट्यूब बंद केली आणि मग आपलं नाव सांगितलं.

आम्ही नाशिकहून इंदूरला नुकतेच आलो होतो. छत्रीबागेत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता, खोकीसुद्धा अजून उघडली नव्हती. संध्याकाळी बेल वाजली. दारात अर्ध्या बाह्यांचा बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि काखेत दुधी अशा थाटात एक गृहस्थ उभे. मी 'या' म्हणायच्या आत ते सरळ आत गेले, ट्यूबकडे बोट दाखवून म्हणाले, "बाहेर एवढा उजेड आहे. हा कुणासाठी जळून राहिलाय?" आणि खट्! मग माझ्या बायकोच्या, मानसीच्या हातात दुधी ठेवून म्हणाले, "मी दिघे. समोरच राहतो. गच्चीवरचा आहे, कोवळा आहे."

आम्हाला वाटलं, हे वीज खात्यातून निवृत्त झाले असणार. तर तसंही नाही. काका होते बँकेत. वीज हा त्यांचा निव्वळ छंद, आणि तोही दुसऱ्यांच्या विजेचा. गल्लीतल्या प्रत्येक घरात रोज संध्याकाळी त्यांची एक फेरी असे. रिकाम्या खोलीतला पंखा, गरम होऊन गेलेला गीझर, कुणी बघत नसलेला टीव्ही, सगळ्यांची एकच चौकशी: "हा कुणासाठी चालून राहिलाय?" पाहुणे आले तर काका त्यांना उठवून एकाच पंख्याखाली बसवत. "पंखा माणसांना असतो भिया, खुर्च्यांना नाही." भिया म्हणजे इंदुरी 'भैया'.

स्वतःच्या घरात तर विचारूच नका. थंडी पडली की काका फ्रीज बंद करतात. "बाहेर एवढी थंडी फोकट पडून राहिली आहे, आत वेगळी कशाला बनवायची?" दूध खिडकीत ठेवतात. ही व्यवस्था शेजारच्या मांजरीलाही पसंत आहे. इस्त्री त्यांनी कधीच सोडली. शर्ट घडी करून गादीखाली ठेवतात. त्यामुळे त्यांच्या पाठीवर गादीच्या टाक्यांची नक्षी कायम उठलेली असते.

आणि गच्ची! रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, एक टाकून दिलेला कुकर, जिथे म्हणून माती मावेल तिथे काहीतरी उगवलेलं. वॉशिंग मशीनच्या टबात पालक. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कामाचं करून राहिली आहे ही," असं ते मशीनकडे बघून म्हणत. खतासाठी सकाळी कचऱ्याची गाडी आली की काका तिच्या पुढे जाऊन उभे. "गीला कचरा मला द्या, सूखा त्याला!" गाडीवाला वैतागायचा, पण 'अंकलजी'पुढे त्याचं काही चालत नसे. सालं बघून कुणाच्या घरी काय शिजलं हे काकांना कळे. मानसीला एकदा भर रस्त्यात म्हणाले, "बेटा, या आठवड्यात मटार भोत झाले हं तुमच्याकडे. गॅस होईल."

या सगळ्यात काकू कुठे? काकू बंगळूरला, मुलीकडे. नातू झाला तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग नातवाची शाळा सुरू झाली, मग नात झाली. काकाही गेले होते तिकडे राहायला. आठवड्यात परत आले.

"अरे भिया, त्या बिल्डिंगमध्ये नुसता पाय ठेवला की दिवा लागतो! आपोआप! मी बटण शोधून शोधून थकलो. वॉचमन म्हणतो, अंकल, बटण नहीं है. बटणच नाही! मग माणसाने तिथे करायचं काय?"

आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. माझ्या ऑफिसातली मंडळी यायची होती. मानसीने दोन दिवस खपून बाल्कनीत बारीक दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. केक कापायला सगळे आत जमले आणि बाल्कनीत अंधार झाला. लोकांना वाटलं काहीतरी गंमत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मानसीने जाऊन माळा लावल्या. पुन्हा अंधार. बाल्कनीच्या दारात काका उभे. "सगळे तर आत बसलेत, मग बाहेर हा कुणासाठी..."

"काका," मानसी ओरडलीच, "तुम्हाला दुसरं काही कामच नाही का?"

काकांनी स्वतःच्या हाताने माळा पुन्हा लावल्या. "बरोबर आहे बेटा," म्हणाले आणि जिना उतरून गेले. केकसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर फेरी बंद. आमच्यापुरतीच नाही, सगळ्या गल्लीची. भाजी मात्र येत राहिली. सकाळी दार उघडावं तर कडीला कापडी पिशवी. कधी गिलकी, कधी वांगी. बेल नाही, हाक नाही. आमच्या घरातले दिवे खुशाल जळत होते आणि त्याचा काही आनंद होत नव्हता. एकदा मानसीने भर दुपारी बाल्कनीतला दिवा लावला आणि तिथेच कपडे वाळत घालत रेंगाळली. समोरून चकार शब्द आला नाही.

शेवटी एका संध्याकाळी साठलेल्या पिशव्यांच्या घड्या आणि डब्यात नारळाच्या वड्या घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. गच्चीच्या शेवटच्या पायऱ्यांपर्यंत चढलो, तर वरून एका बाईचा आवाज आला आणि आम्ही थबकलो.

काका चटईवर बसून मेथी निवडत होते. समोर कुंडीला टेकवून फोन उभा केलेला. त्यातून भांड्यांचा आवाज येत होता, कुठलंतरी मूल रडत होतं, मधूनच काकूंचा पदर पडद्यावरून सरकत होता.

"अहो, तुम्ही काही बोलतच नाही आहात," काकू म्हणाल्या. "ठेवू का?"

"नको, ठेवू नको. तू तुझं काम कर. नुसती भांडी वाजली तरी चालतील." मग त्यांनी फोन उचलून एका डब्यासमोर धरला. "वांग्याला फूल आलंय. दिसलं?"

"दिसलं हो. काल दाखवलंत की."

"काल कळी होती."

माझ्या हातातला डबा वाजला तसे काका दचकले आणि उठायला लागले. मानसीने 'सॉरी' कसं म्हणायचं ते जिन्यात दोनदा घोकलं होतं. पण तसं काही न म्हणता ती चटईवर जाऊन बसली आणि तिने मेथीची एक जुडी पुढे ओढली.

"काका, देठ एवढे ठेवले तर चालतात?"

काकांनी तिच्या हातातला देठ वाकवून बघितला. "चालतात. कोवळे आहेत."

"कोण आलंय हो?" फोनमधून काकूंनी विचारलं.

काकांनी एक जुडी माझ्याकडेही सरकवली.

"कुणी नाही," ते म्हणाले. "घरचेच आहेत."