चोखंदळ माणसाची भेंडी

दत्तात्रयला कोणी चोखंदळ म्हटलं की त्याची कॉलर ताठ व्हायची. फसी म्हटलं की तो भांडायला उठायचा.

“बाबा, इट्स द सेम थिंग!” लेक मैथिली म्हणाली.

“मुळीच नाही! चोखंदळ म्हणजे पारख असलेला. फसी म्हणजे उगाच किरकिर करणारा. मी कधी किरकिर केलीय?”

बायको, चित्रा, मान खाली घालून चहा गाळत राहिली. वीस वर्षांच्या संसाराने तिला एवढं शहाणपण दिलं होतं.

ऑगस्ट २०२०. दत्तात्रयच्या ऑफिसात कोविड निघाला आणि परदेशातल्या क्रेगीबर्न उपनगरातल्या घरात तिघं चौदा दिवस अडकली. घरपोच किराण्याचे स्लॉट संपलेले. शेजारचा केव्हिन देवासारखा धावून आला.

“काय आणू, मेट?”

“काहीही चालेल! मी अजिबात फसी नाही!” दत्तात्रयने खिडकीतून ठणकावलं.

पहिल्या दिवशी कोथिंबिरीला वास नव्हता. दुसऱ्या दिवशी टोमॅटो नुसतेच देखणे. तिसऱ्या दिवशी बटाट्यांना डोळे. हे सगळं त्याने केव्हिनला फोटोंसकट कळवलं, ‘फक्त माहितीसाठी’!

“दत्ता, तो वैतागला तर पुढचे दहा दिवस खायचं काय?” चित्रा कळवळली.

“वैतागेल कशाला? शिकतोय तो!”

चौथ्या दिवशी भेंडी हवी होती. तिथे तर भरवसा नकोच! केव्हिन दुकानात पोचताच दत्तात्रयने व्हिडिओ कॉल लावला.

“शेपूट मोड! कट् वाजलं की कोवळी. नुसती वाकली की टाक परत!”

कट्! कट्! केव्हिन रंगात आला. “मजा आहे रे, मेट!”

एवढ्यात पडद्यावर मास्कवरचे दोन डोळे वटारले. मॅनेजर! सारं शहर लिफ्टचं बटण कोपराने दाबत होतं, आणि हा गृहस्थ उघड्या हातांनी भेंड्या मोडून परत क्रेटमध्ये टाकत होता.

“हे कोणी शिकवलं तुला?”

केव्हिनने प्रामाणिकपणे फोन वळवला. बनियनमधला दत्तात्रय कसाबसा म्हणाला, “हॅलो.”

हात लागला तो सगळा माल उचला, असा निकाल लागला. केव्हिनने दारात अख्खा क्रेट ठेवला आणि गेटपाशी जाऊन उभा राहिला.

“उद्या… येशील ना?” दत्तात्रयने खिडकीतून विचारलं.

“येईन. पण यादी चित्रा देणार. तुझा फोन बंद!”

“डील!” आतून चित्रा ओरडली.

त्यानंतर घरात रोज भेंडी. सहाव्या दिवशी चित्राने विचारलं, “कशी झालीय?”

दत्तात्रयच्या दाढेखाली सुतळीसारखी निबर फोड आली होती. तीन-चार शब्द जिभेवर येऊन थबकले.

“उत्तम!” तो म्हणाला, आणि ती फोड पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.