मधल्या वितीची आणि गोंदाजीच्या मास्टर्सची हकीकत

श्रीगजानन वाचणारास सुबुद्धी देवो आणि लिहिणारास धीर. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहू नये अशी आम्हास ताकीद आहे, गोंदाजी वडनेरे नामे नळखात्याचे अभियंत्यास ऐन चाळिशीत पुन्हा विद्या शिकावयाची इच्छा उत्पन्न जाहली, आणि त्यापायी जे घडले ते यथामती लिहितो.

प्रथम राज्याची रीत सांगणे प्राप्त आहे. पूर्वी हौदखाते आणि नळखाते यांचे हद्दीवरून तंटे होत, डोकी फुटत, मग थोरले महाराजांनी तोड काढिली की प्रत्येक खात्याने हद्दीच्या अलीकडेच थांबावे आणि दोहोंमध्ये वीतभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे कोणी कोणाचे जागेत शिरला असे होणार नाही. तेव्हापासून तंटा म्हणून जाहला नाही, आणि पाणी म्हणूनही कोठे पोहोचले नाही. हौद पाहावा तर लख्ख, नळ पाहावा तर लख्ख, आणि दोहोंच्या मध्ये चिखल. हा चिखल कोणत्याच खात्यात येत नसल्याने तो नाहीच, असे सरकारी मत होते. गोंदाजी मात्र दुपारी सगळे वामकुक्षीस गेले म्हणजे सुतळी, सांध्यात भरावयाचा सफेदा आणि नळाचा तुकडा घेऊन जाई आणि ती वीत जोडून येई, आणि मग सायंकाळी राजवाड्यात पाणी येई, आणि दोन्ही खाती आपापली पाठ थोपटून घेत. सकाळी तपासनीस येऊन तो तुकडा अतिक्रमण म्हणून काढून टाकीत, आणि दुपारी गोंदाजी पुन्हा बसवी. या कामास नाव नव्हते. लोक त्यास नुसते 'ते मधले' म्हणत.

ऐसियास परमुलखाहून एक व्यापारी आला आणि त्याने वार्ता आणिली की तिकडे विद्यापीठात सिस्टीम्स इंजिनिअरिंग नामे विद्या आहे, दोन वर्षे शिकून मास्टर्सची पदवी मिळते, आणि तेथे हौद शिकवीत नाहीत, नळ शिकवीत नाहीत, तर हौद आणि नळ एकमेकांस भेटतात ती जागा शिकवितात. गोंदाजीने अभ्यासक्रम मागविला आणि वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले, कारण जे काम तो इतकी वर्षे चोरासारखे करीत होता त्यास तेथे मोठमोठी नावे होती, आणि विशी-पंचविशीतली मुले ते भरदिवसा, फळ्यावर चित्रे काढून करीत होती. आम्ही पुष्कळ लढाया वर्णिल्या, परंतु बाप्या माणूस अभ्यासक्रम वाचून रडला असे लिहिण्याचा प्रसंग आम्हास प्रथमच आला, आणि लिहिताना आम्हास हसू आले नाही.

मग पेच पडला. जावे, तर दोन वर्षे वीत कोण जोडणार, आणि परत आल्यावर कोण ओळख देणार. न जावे, तर दिवाणजींनी आधीच जाहीर केले होते की येत्या दसऱ्यास परमुलखाचा कोणी पदवीधर आणून सर्व जोडकामावर नेमू, म्हणजे ज्या जागी गोंदाजीने गुडघे झिजविले त्या जागी दुसरा पालखीतून येणार आणि गोंदाजीने त्यास सफेद्याचा डबा नेऊन द्यावयाचा. आता शहाण्याने मनाशी विचारून निकाल केला असता, परंतु गोंदाजी पडला अभियंता आणि त्यातही या राज्याचा, तेव्हा त्याने प्रश्नाचे तुकडे केले आणि रीतीप्रमाणे एकेक तुकडा एकेका खात्याकडे मसलतीस धाडिला.

मग खलबतखान्यात मसलत बसली आणि तक्के मांडिले आणि सरबत फिरले. हौदखात्याचे मुख्य मल्हारपंत ओतूरकर मिशीवर हात फिरवून बोलिले की, "विद्या म्हणजे उत्तमच. शिकावी. मात्र त्या विद्येचा येथे उपयोग काय, हे आमचे हद्दीत येत नाही." नळखात्याचे खंडोजी पारगावे बोलिले की, "रजा आम्ही देतो, आत्ता देतो. परंतु परत आल्यावर जागा राहील की नाही, ते दिवाणजी जाणोत." दिवाणजी बोलिले की, "जागेचे पाहता येईल. परंतु जावे की न जावे हे आमचेकडे नाही." गोंदाजीने हात जोडून विचारिले की, "मग कोणाकडे आहे?" तेव्हा तिघांनी सरबताचे पेले खाली ठेविले आणि मसलत अत्यंत यशस्वी जाहली असे म्हणून उठिले. प्रत्येकाचे मत चोख होते, आणि प्रत्येक जण निकालाच्या वीतभर आधी थांबला होता.

घरी येऊन गोंदाजीने हे सर्व आपले कुटुंब लाडूबाई यांस सांगितले. त्या गवारीच्या शेंगा मोडीत होत्या, त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारिले, "अहो, सगळ्या खात्यांना विचारून झालं. मला कुणी विचारलं?"

गोंदाजी वहाणा काढून कोपऱ्यात ठेवू लागला.

"बरं, मला राहू द्या. तुम्हाला तरी कुणी विचारलं का? जायचंय तुम्हाला?"

"मल्हारपंतांचं म्हणणं असं की विद्या उत्तम—"

"मल्हारपंतांना घाला चुलीत. मी तुम्हाला विचारतेय."

तेव्हा गोंदाजी जमिनीकडे पाहत बोलिला, "भीती वाटते गं. पोरासोरांत जाऊन बसायचं. नापास झालो, तर इथं निदान 'ते मधले' तरी आहे, तेवढंही राहणार नाही."

"मग तसं म्हणा ना. इतके दिवस खात्यांची मतं काय घेऊन बसलात!" असे बोलून त्यांनी शेंगांची परात त्याचेकडे सारिली, आणि दोघे मिळून शेंगा मोडीत बसली, आणि निकाल तेही दिवशी जाहला नाही.

पुढे ज्येष्ठात महाराजांचा वाढदिवस आला आणि दरबारापुढे नवे कारंजे सुरू करावयाचे ठरले. गोंदाजी जावे की न जावे या घोरात इतका बुडाला की आयुष्यात प्रथमच ते दुपारी वीत जोडण्याचे विसरला. महाराज सिंहासनावर विराजमान जाहले, चौघडा वाजला, हौदाचे द्वार उघडिले, आणि कारंज्याने एक उचकी देऊन मौन धरिले, आणि मधल्या वितीतून पाण्याचा लोंढा उठला तो थेट महाराजांचे पगडीवर. पगडीचा रंग दाढीत उतरला. महाराज कडाडले, "हे पाणी कोणाचे?" मल्हारपंत बोलिले, "सरकार, हौदात होते तोवर आमचे होते." खंडोजी बोलिले, "सरकार, आमचे नळात ते आलेच नाही." दोघांनी आपापले काम निर्दोष असल्याचे तेथल्या तेथे सिद्ध करून दाखविले, आणि महाराज तोवर भिजत राहिले. शेवटी गोंदाजी पुढे जाहला आणि बोलिला की, "सरकार, ते माझे. मी आज जोडायचे विसरलो."

महाराजांनी असे उत्तर गादीवर बसल्यापासून ऐकिले नव्हते, ते इतके प्रसन्न जाहले की जागच्या जागी आज्ञा केली, "आजपासून वीतखाते स्थापन करावे, गोंदाजी त्याचे मुख्य, त्यास पालखी द्यावी, पागोटे द्यावे, आणि परमुलखी जाऊन पदवी घेण्याची आता गरज नाही." दरबाराने वाहवा केली. गोंदाजीचे मस्तकी पागोटे चढले, आणि खरे लिहावयाचे तर त्यास ते फार आवडले. चार दिवस तो ते घालूनच जेवत असे.

पाचवे दिवशी मोजणीदार आले. नवे खाते म्हटले म्हणजे त्यास हद्द आली, आणि हद्द आली म्हणजे थोरल्या महाराजांची रीत आली, तेव्हा वीतखात्याचे जागेत कोणी शिरू नये म्हणून हौदखात्याने आणखी वीतभर मागे सरावे आणि नळखात्यानेही आणखी वीतभर मागे सरावे असे ठरले, आणि करवत्या आणून दोहोंकडचे नळ कापिले. जेथे एक फट होती तेथे आता दोन जाहल्या, आणि त्या दोहोंच्या मधोमध गोंदाजीचा वीतभर नळ, सरकारी, शिक्का मारलेला, कोणासही न जोडलेला. मोजणीदार बोलिले, "खातेप्रमुख, सही करावी." गोंदाजीने पागोटे उतरवून त्या नळावरच ठेविले आणि चालू लागला. महाराजांनी बोलावून विचारिले, "काय कमी पडले?" तो बोलिला, "काही नाही, सरकार. मला खाते नको होते. मला मध्येच राहायचे होते. ते नीट कसे राहावे तेवढे शिकून येतो."

निघते वेळी लाडूबाईंनी गाठोडे बांधून दिले आणि डोळे पुसून बोलिल्या, "नापास झालात तरी या. पास झालात तर मात्र जरूर या." मग गोंदाजी मजल दरमजल करीत विद्यापीठी पोहोचला. तेथे प्रवेशकचेरीत सांगितले की ओळखपत्र आणा म्हणजे प्रवेश पक्का करू, आणि ओळखपत्राचे कचेरीत सांगितले की प्रवेश पक्का करून या म्हणजे ओळखपत्र देऊ. त्याने विचारिले की, "या दोन्हींच्या मधले कोण पाहतो?" तेथील बाई बोलिल्या, "ते कोणाकडेच नाही." तेव्हा गोंदाजी ओट्यावर बसून पोट धरधरून हसला, आणि भाकरी खावी म्हणून गाठोडे सोडिले तो भाकरीखाली सुतळीचे भेंडोळे आणि सफेद्याचा डबा निघाला. मग तो उठला आणि या कचेरीच्या बाईंचा हात धरून त्या कचेरीत घेऊन गेला.

ऐसी ही हकीकत. येथे वीतखाते जोरात आहे, त्यात नवी भरती जाहली, कारंजे कोरडे आहे आणि राजवाड्यात पाणी पखालीने येते. तिकडे गोंदाजी पहिल्या परीक्षेत काठावर उतरला असे कळते. बखरनिसानेही निकालाच्या वीतभर आधी थांबावे अशी येथली रीत आहे, परंतु आम्ही म्हातारे जाहलो, आता आम्हास कोण काय करणार, म्हणून लिहून ठेवितो की माणूस फार घाबरला होता, आणि तरी गेला.