तू घेणार असशील तरच

व्याकरणाची पुस्तकं गेली खड्ड्यात! एक किटली, दोन मग आणि थोडं दूध, एवढ्यावर मी कुणालाही इंग्रजी शिकवून दाखवीन, असं मी इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या बार्न्सली गावाला छाती ठोकून सांगायची. हल्ली सांगत नाही. हल्ली मी घराबाहेर पडताना टोपी घालते.

माझी विद्यार्थिनी इलिंका. रुमानियाहून आलेली, शेजारच्या घरात भाड्याने राहणारी. शब्द भराभर पाठ करायची, पण प्रश्न विचारून भंडावून सोडायची!

"बाई, माणसाला चहा हवा असेल तर तो सरळ 'हो' का म्हणत नाही?"

"हावरटपणा दिसतो गं! तो म्हणणार, 'तू घेणार असशील तरच.'"

"आणि मला नको असला तर?"

"तरी घ्यायचा! नाहीतर त्याला कसा मिळणार?"

"म्हणजे त्याच्या चहासाठी मी प्यायचा?"

"आत्ता कसं कळलं!"

"आणि चहा वाईट निघाला तर?"

"अप्रतिम म्हणायचं. चहाच काय, जेवण, स्वेटर, सगळं अप्रतिम! आणि कुणी बोलताना शेवटी 'नाही का?' म्हणालं, तर तो प्रश्न नसतो. आपण फक्त 'हो ना' म्हणायचं."

ती माझ्याकडे प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी बघत राहायची. खरं सांगू? आपण असं का वागतो, याचं मलाही पहिल्यांदाच कुतूहल वाटायला लागलं होतं.

पोरगी पहाटे उठून एका थंडगार गोदामात मासे खोक्यांत भरायची. हात नुसते फुटले होते. म्हणून मी मॅक्सीनच्या केशकर्तनालयात तिच्यासाठी शब्द टाकला. मॅक्सीन म्हणाली, "शुक्रवारी पाठव. दिवसभर बघते. जमलं तर कायमची नोकरी, नाहीतर राम राम!"

तिला धीर यावा म्हणून मीही त्याच दिवशी केस रंगवायला गेले. शनिवारी भाच्याचं लग्न होतं, तेव्हा एका दगडात दोन पक्षी!

ड्रायरखाली मॅक्सीनचं एक गिऱ्हाईक, डोरीन मिकलथ्वेट, बसली होती. इलिंकाने विचारलं, "चहा घेणार?"

"तू घेणार असशील तरच गं," डोरीन म्हणाली.

इलिंका दोन मग घेऊन आली आणि शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसून प्यायला लागली! मॅक्सीनच्या भुवया कपाळावर चढल्या. पुढची बाई आली. तिचंही तेच उत्तर, पुन्हा दोन मग! दुपारपर्यंत पोरीच्या पोटात चहा डुचमळत होता, पण शिकवलेला नियम तिने मोडला नाही.

मग माझा नंबर लागला. मॅक्सीनने माझ्या डोक्यावर रंग थापला, गजर लावला. इलिंका पुढे झाली. "बाई, चहा?"

निदान मी तरी 'नको' म्हणायचं! पण जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं, "तू घेणार असशील तरच!"

आमच्या दोन मगांत मॅक्सीनकडचं दूध संपलं. मॅक्सीन कोपऱ्यावरच्या दुकानात पळाली. जाताना ओरडली, "इलिंका, गजर वाजला की लगेच धू!"

गजर वाजला. इलिंकाचा मग अजून अर्धा होता. पाहुण्याला चहावर एकटं सोडून उठू नये, हेही तिला मीच शिकवलेलं! तिने गजर बंद केला आणि हसून घोट घेतला.

'ऊठ बाई, धू माझं डोकं!' एवढंच म्हणायचं होतं. पण आम्ही लोक असं बोलतो होय?

"गजर वाजला वाटतं, नाही का?" मी म्हटलं.

"हो ना, बाई."

"डोकं जरा चुणचुणतंय, नाही का?"

"हो ना, बाई!"

मॅक्सीन तिकडे कोपऱ्यावर कुणाशी तरी गप्पा मारत राहिली होती. ती आली, किंचाळली, तिने माझं डोकं धुतलं. मी आरशात पाहिलं. बीट! उकडलेलं बीट!

इलिंका पांढरीफटक पडून स्वतःच्या फुटलेल्या हातांकडे बघत होती.

"ग्लेनिस," मॅक्सीन हळूच म्हणाली, "खरं सांग. कसं झालंय?"

मला असा राग आला होता की विचारू नका. पण ते हात दिसले. माझ्या एका शब्दावर पोरगी पुन्हा माशांत जाणार होती.

"अप्रतिम!" मी म्हटलं. "मला अगदी हाच रंग हवा होता!"

"ग्लेनिससारख्या चोखंदळ बाईला आवडलं म्हणजे काय!" मॅक्सीनने इलिंकाची पाठ थोपटली. "सोमवारपासून ये गं. फक्त चहा जरा कमी पी!"

लग्नात झाडून सगळ्यांनी माझे केस पाहिले आणि झाडून सगळे म्हणाले, "अप्रतिम!" त्याचा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता दर दीड महिन्याला मॅक्सीन माझ्यासाठी तोच रंग कालवून ठेवते आणि इलिंका तो लावते. परवा मॅक्सीन आत गेल्याचं बघून मी तिला कानात विचारलं, "इलिंका, तुला बाईची शपथ. खरंच कसं दिसतं गं हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पापणीही लवली नाही.

"अप्रतिम, बाई!"

पोरीला इंग्रजी आलं!