भाऊसाहेबाने न मारलेला राक्षस

आमचा भाऊसाहेब तीन वर्षं एकच व्हिडिओ गेम खेळला आणि त्यातल्या राक्षसाला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. राक्षस डोंगरावर बसलेला, भाऊसाहेब खाली नदीकाठी, मधे पाच मिनिटांची वाट. पण गडी तिकडे फिरकायचाच नाही.

तिसगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आहेत, त्यांवर गावातली पोरं गेम खेळतात. भाऊसाहेब समोरच्या गाळ्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार वेढे मोजत नव्याने भरायची, असं ते चिकाटीचं काम. वय पस्तिशीचं, बोलणं कमी. दुपारचं जेवण झालं की तासभर यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, काखेत इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणि एक दोनशे पानी वही. असा माणूस गेम खेळायला आलाय हे पहिल्या दिवशी मलाच खरं वाटलं नव्हतं. मला वाटलं, कसला तरी फॉर्म भरायचा असेल.

आमच्या मागच्या खोलीत गेमचीही उतरंड आहे. सगळ्यात वर बंदुकीचे गेम. त्याखाली क्रिकेट, मग गाड्यांची शर्यत. आणि पार तळाला भाऊसाहेबाच्या गेमसारखे, ज्यात गोष्ट असते आणि वाचावं लागतं. या गेमला सोन्याने नाव ठेवलं होतं, ‘पोथी’. सोन्या म्हणजे बंदुकीच्या गेममधला आमचा पहिलवान. भाऊसाहेब आत शिरला की तो म्हणायचा, चला, पोथी लागली, प्रसादाला थांबा. पोरं खिदळायची.

मी गल्ल्यावर बसून यावर पुष्कळ विचार केलाय, मला दुसरा उद्योग काय? बंदुकीच्या गेममागे दहा जण उभे राहून ओरडू शकतात. कोण मेला, कोण जगला, लगेच कळतं. पोथीत माणूस एकटाच बसतो, वाचतो, वहीत लिहितो. तासाने उठला तर जिंकला का हरला हे त्यालाही सांगता येत नाही. मजा करायच्या जागी कुणी अभ्यास करताना दिसला की पोरांना शाळा आठवते आणि शाळेवरचा राग बिचाऱ्यावर निघतो. बरं, सोन्याला साठ बंदुका तोंडपाठ, कुठली किती लांब मारते तेही. पण तो अभ्यास नाही हां! ती मर्दानगी.

भाऊसाहेबाच्या गेममधली गोष्ट साधी होती. राक्षसाच्या भीतीने मुलखातली माणसं आपापली गावं सोडून नदीकाठी तंबू ठोकून राहिलेली. आपण राक्षसाला मारायचं. बाकीचे खेळणारे काय करतात, तर तंबूत घुसतात, मडकी फोडतात, सापडेल ते उचलतात आणि डोंगराकडे पळतात. भाऊसाहेब तसला नव्हता. तो रोज आधी सगळ्या तंबूंपुढे जाऊन विचारपूस करायचा. लोहार काय म्हणतो, म्हातारीचा खोकला कसा आहे, डिक्शनरीत बघबघून वाचायचा आणि वहीत टिपायचा. मग कुणाला लाकडं तोडून दे, कुणाचं कोकरू शोध. मडक्याला हात लावायचा नाही. “लोकाच्या मडक्यात हात घालायचा आसतो का?” असं त्याने मलाच विचारलं होतं.

राक्षसाचं काय, असं विचारलं की म्हणायचा, घाई काय हाय. एकदा सोन्याने मस्करीत त्याचा माऊस ओढला, तर भाऊसाहेबाने त्याचं मनगट धरलं. “माझ्या गावाला हात लावायचा न्हाई,” एवढंच बोलला. पण आवाज असा, की खोलीतलं हसणं थांबलं.

हे सगळं बघूनही मी माती खाल्ली. मला वाटलं, भाऊसाहेबाला राक्षस मारता येत नाही आणि सांगायची लाज वाटते. तो मिरजगावला भाचीच्या लग्नाला गेला तेव्हा मी सोन्याला म्हटलं, बाबा, तू एवढा शूर, मार तो राक्षस. त्याला आनंद होईल. सोन्या आधी नको म्हणाला. पण मीच मागे लागलो. तो बाह्या सरसावून बसला आणि राक्षस दोन फटक्यांत मेला. तीन वर्षं लोकांची लाकडं तोडून भाऊसाहेबाच्या गेममधल्या गड्याच्या अंगात हत्तीचं बळ आलं होतं! गेमने आपोआप सगळं जतन केलं, जुनं पुसलं गेलं. शेवटी पडद्यावर तंबू उतरवलेले, माणसं बोचकी घेऊन वाटेला उभी. वेशीपाशी जाऊन बटण दाबलं की सगळे आपापल्या गावी जाणार. ते बटण भाऊसाहेबानेच दाबावं म्हणून आम्ही ठेवलं, वर स्वतःलाच शहाणे समजलो.

तो आला, बसला. पडद्यावरच्या माणसांवरून एकेक करत नजर फिरवली.

“पट्टा पडला म्हनायचा,” तो म्हणाला.

साखर कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. भाऊसाहेबाचे आईबाप ऊसतोडीला जायचे हे मला माहीत होतं, पुढचं कधी विचारलंच नव्हतं. ते त्याने त्या दुपारी सांगितलं. दहा वर्षांचा होईस्तोवर दरसाल सहा महिने तो कारखान्यापाशी उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहिला. कुठली कुठली पोरं तिथं जमायची, सगळ्यांचं मिळून एक गाव व्हायचं. पट्टा पडला की पहाटे ट्रक भरायचे.

“शेवटच्या वर्षी मी ट्रकमदी झोपल्यालो हुतो. उठलो तर आमचं गाव आल्तं. कोनालाच येतो म्हनलो न्हाई. परत गाठ न्हाई कुनाची.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊसाहेब, माझंच चुकलं, म्हटलं. त्याने वही उघडली, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या पहिल्या माणसापाशी तो गेला. त्याचं शेवटचं बोलणं अडखळत वाचलं, वहीतल्या नावापुढे खूण केली आणि पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, “येतो.” मग दुसऱ्याला. मग लोहाराला. सोन्या मागे उभा होता. थोड्या वेळाने त्याने न सांगता डिक्शनरी हातात घेतली आणि अडलेले शब्द काढून द्यायला लागला. बाकीच्या दोन्ही कॉम्प्युटरचे आवाज कुणीतरी बंद केले.

म्हातारीलाही येतो म्हणून झालं. डोळे पुसून तो वेशीपाशी आला, बटणावर बोट ठेवलं.

“थांबा भाऊसाहेब,” वहीतल्या खूण नसलेल्या एका नावावर बोट ठेवून सोन्या म्हणाला, “नदीच्या पल्याड आजून एकजन हाय. त्याला म्हनायचं राहिलं.”

भाऊसाहेब वळला.