विहीणबाईंचं ऑर्किड

"एवढं एक झाड जिवंत ठेवून दाखवा, मग वैभवीच्या बाळंतपणाचं बोलू," असं म्हणून चारुशीलाबाईंनी फुललेल्या ऑर्किडची कुंडी रुखमाबाईंच्या ओट्यावर ठेवली आणि दिवाळी संपताच थोरल्या लेकाकडे बंगलोरला निघून गेल्या. परत येणार त्या थेट संक्रांतीला.

रुखमाबाईंचं डोकं तडकलं. पहिलटकरीण लेक त्यांची, आणि तिला माहेरी आणायला परीक्षा झाडाची! ज्यांचं अर्धं आयुष्य नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत गेलं, त्यांना धरमपेठेतली शहरी विहीण झाड जगवायला सांगणार!

"पाय वं गार्गी," त्या सुनेला म्हणाल्या, "कुंडीत माती नाई. सालपटं अन् कोयसा भरला. मुळ्या बाहेर लोंबून राहिल्या. झाडाले असं उपाशी ठेवते, तं माह्या पोरीले काय खाऊ घालत असन?"

"आई, ते तसंच असते वाटते. फोनवर पाहू का?"

"फोन काय बागेत राबला व्हय?"

बागेतून काळी माती आली, शेणखत आलं. कुंडी काठोकाठ भरून, दाबून, वर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. आठवडा गेला नाही तोच एकेक फूल गळू लागलं. मग पानं पिवळी पडली.

"पाणी लय झालं. आता ताण देऊ."

संत्र्याला बहार आणायचा तर पाणी तोडतात, माती खरवडून मुळ्यांना ऊन दाखवतात. बागेत हा उपाय कधी फसला नव्हता. कुंडी गच्चीवर गेली. संध्याकाळी पानं पापडासारखी भाजली होती.

घाबरून झाड उपटलं, तर निम्म्या मुळ्या कुजलेल्या. गार्गीने हळूच फोनमध्ये डोकं घातलं.

"आई, हे रानात मातीत नाई उगवत म्हणे. दुसऱ्या झाडाच्या खोडाले धरून राहते."

"मले माहीतच होतं," रुखमाबाई विळी ओढत म्हणाल्या.

कुजलेलं कापलं, जखमांना हळद लावली आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून झाड धुण्याच्या दगडाशेजारच्या पेरूला बांधलं. रोजच्या धुण्याचे शिंतोडे हेच त्याचं पाणी. पानं उरली होती दोन.

आणि नेमका चारुशीलाबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"विहीणबाई, झाड दाखवा बरं."

गार्गीने सासूकडे पाहिलं. रुखमाबाईंनी फोन घेतला आणि वरून पदर टाकला.

"दिसून नाई राहिलं काय? इथी नेटवर्कच नाई बाप्पा!"

"पण आवाज तर छान येतोय तुमचा."

"माह्या आवाजाले नेटवर्क लागत नाई."

"असू दे. संक्रांतीला डोळ्यांनीच बघते."

त्या दिवसापासून चहाआधी पेरूपाशी जायचं, असा रुखमाबाईंचा नेमच झाला. "मेलं तं माह्या लेकीचं माहेर तोडशीन, ध्यानात ठेव," असं त्या झाडाला दटावायच्या. थंडी वाढत गेली. झाड ना मरे, ना वाढे. पुढे पुढे तर नजर लागेल म्हणून गार्गीला त्या जवळही फिरकू देईनात.

संक्रांतीला चारुशीलाबाई तिळगुळाचा डबा घेऊन आल्या. नजर थेट ओट्यावर. कुंडीत कोथिंबीर डोलत होती.

"माझं ऑर्किड?"

रुखमाबाई कोथिंबीर खुडू लागल्या. गार्गीने पेरूकडे बोट दाखवलं. चारुशीलाबाई गेल्या, आणि लुगड्याची गाठ पाहून किंचाळल्या, "अहो, फाशी दिलीत की काय त्याला?"

चारुशीलाबाईंनी चष्मा लावला, वाकल्या, आणि तशाच वाकून राहिल्या. दोन पानांच्या मधून एक हिरवी दांडी वर आली होती. टोकाला मुगाएवढ्या कळ्या.

"मी आणलेली सगळी एकदा फुलून गेली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा कळी धरलेली मी कधी पाहिलीच नाही."

"मंग माही वैभवी?"

"पाठवते."

रुखमाबाईंची मान ताठ झाली. जणू कळ्या त्यांनीच हाताने चिकटवल्या होत्या.

"आणि मीही येते सोबत," चारुशीलाबाई म्हणाल्या. "बाळंतपण होईपर्यंत इथंच राहीन. हे फुलताना बघायचंय मला. तुम्ही काय काय करता, तेही उठता-बसता बघेन."

रुखमाबाईंनी विहिणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग पेरूचं जाड खोड न्याहाळलं.

"गार्गी," त्या म्हणाल्या, "जुनं लुगडं अजून एखादं निंगते का वं?"